इंजिनाची निवड आणि धोरणाची धरसोड

दिल्लीत दहा वर्षे वापरलेली आलिशान डिझेल एसयूव्ही बदलताना नवे इंजिन कोणते घ्यावे, ही श्रीमंताची विवंचना बसच्या रांगेत उभ्या असलेल्या कारकुनाला परकी वाटणे साहजिक आहे. परंतु या प्रश्नाचे उत्तर आजवर यंत्रशास्त्रापेक्षा सरकारी दरांनी, करांनी आणि न्यायालयीन आदेशांनीच अधिक दिले आहे. आणि त्याची किंमत रांगेतल्या माणसानेही मोजली आहे.

वस्तुतः जड वाहनाला डिझेल इंजिन मानवते. ते कमी इंधनात अधिक अंतर कापते आणि मंद गतीतही भरपूर जोर देते. तथापि त्याच्या धुरातील नायट्रोजनची ऑक्साइडे व सूक्ष्म कण शहराच्या हवेला घातक ठरतात. पेट्रोलचे दर जून २०१० मध्ये नियंत्रणमुक्त झाले, डिझेलचे मात्र ऑक्टोबर २०१४ मध्ये. त्यातही जानेवारी २०१३ पासून घाऊक खरेदी करणाऱ्या राज्य परिवहन मंडळांना बाजारभाव द्यावा लागला, आणि पंपावर उभ्या राहणाऱ्या आलिशान गाडीची सवलत चालूच राहिली!

मग अंकुश आला. सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०१५ मध्ये दिल्ली परिसरात २००० सीसी व त्यावरील डिझेल मोटारींची नोंदणी थांबवली. तेव्हा महिंद्रने १.९९ लिटरचे इंजिन बाजारात आणले. मर्यादा पाळली गेली, धुराचा प्रश्न तसाच राहिला. ऑगस्ट २०१६ मध्ये एक टक्का शुल्क घेऊन बंदी उठली. दहा वर्षांवरील डिझेल गाड्यांवरील बंदीचेही तसेच झाले. ऑगस्ट २०२५ मध्ये न्यायालयाने मालकांना दिलासा दिला आणि डिसेंबरमध्ये तो बीएस-४ व त्यापुढील गाड्यांपुरता मर्यादित केला.

आता विजेची पाळी आहे. सप्टेंबर २०२५ पासून मोठ्या पेट्रोल-डिझेल एसयूव्हींवर ४० टक्के जीएसटी आहे, तर विजेच्या गाडीवर किंमत कितीही असली तरी ५ टक्केच. तीस लाखांवरील विद्युत मोटारींवर सहा टक्के कर लावण्याचा प्रस्ताव महाराष्ट्राने मार्च २०२५ मध्ये मांडला आणि त्याच महिन्यात मागे घेतला. गरजूंसाठी आखलेली सवलत धनिकांच्या दारात थांबण्याची जुनी रीत अशी नव्या इंधनासह चालू आहे.

ग्राहकाने आपला प्रवास पाहून निर्णय घ्यावा, हे खरे. शहरातल्या लहान फेऱ्यांत बीएस-६ डिझेलची काजळी अडवणारी गाळणी तुंबते. तेथे वीज वा संकरित इंजिन बरे. सतत लांबचा पल्ला असेल, तर डिझेल अजूनही समर्थनीय ठरते. पण हा विवेक उपयोगी पडण्यास सरकारचे धोरणही स्थिर हवे. कर प्रदूषणावर असावा, तसाच चैनीवरही असावा. आणि त्यातून येणारा पैसा सार्वजनिक बससेवेकडे वळावा. अन्यथा श्रीमंताच्या गाडीचे इंजिन बदलेल, रांगेतल्या माणसाची बस मात्र तीच राहील.