निकालामागचं कारण

अमेरिकेतल्या हायस्कूल वादविवादाची राष्ट्रीय संघटना १९२५ सालची. तिथला ‘पब्लिक फोरम’ हा प्रकार सामान्य श्रोत्याला पटवण्यासाठीच आखलेला आहे. दोघा-दोघांचे संघ, आधी नाणेफेक आणि परीक्षकाच्या खुर्चीत अनेकदा कुणाचे तरी आई-बाबा.

या खुर्चीत स्वतःचं मत बाजूला ठेवावं लागतं. प्रत्येक मुद्दा कागदावर रकान्यात उतरवायचा, शेजारी प्रतिपक्षाचं उत्तर. रकाना रिकामा राहिला, तर तो मुद्दा टिकला. शेवटी निकालाचं कारण लिहायचं. ‘छान बोललीस’ एवढ्यावर भागत नाही. कुठला पुरावा लंगडा पडला, हे हरलेल्या मुलीला कळायलाच हवं. त्यातूनच ती पुढच्या फेरीसाठी घडते.

तिथल्या मराठी पालकांनो, मुलांना नुसतं स्पर्धेला सोडून परत फिरू नका. परीक्षक म्हणून नाव नोंदवा.