मान परत करणारा शास्त्रज्ञ

धुळे आणि जळगावच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांत पहिल्या वर्षाच्या मुलांना शरीररचनाशास्त्राबरोबरच भ्रूणशास्त्र शिकावे लागते. बहुतेकांना हा विषय परीक्षेपुरता वाटतो. कोणत्या दिवशी किती पेशी, कोणत्या आठवड्यात हृदय, चार आकृत्या पाठ केल्या की झाले. पुढे ज्यांना शल्यचिकित्सा किंवा मेडिसिन करायचे असते ते हा विषय मागे टाकतात. शिकवणाऱ्या प्राध्यापकाचे नाव गावात फारसे कोणाला माहीत नसते. त्याच्याकडे ना पेशंटची रांग, ना दवाखान्याची पाटी.

दुसरीकडे वंध्यत्व उपचार केंद्रांच्या जाहिराती आता तालुक्याच्या बसस्टँडपर्यंत पोहोचल्या आहेत. रावेर-यावलकडचे केळी उत्पादक असोत की शिरपूर-साक्रीचे शेतमजूर, लग्नाला चार-पाच वर्षे झाली की जोडपी तिकडे वळतात. तिथे भेटतात त्या स्त्रीरोगतज्ज्ञ. पण स्त्रीबीज बाहेर काढल्यापासून भ्रूण गर्भाशयात सोडेपर्यंतचे तीन ते पाच दिवस ज्याच्या हातात असतात, तो माणूस आत प्रयोगशाळेत असतो. तो भ्रूणतज्ज्ञ. त्याने वहीत काय लिहिले, हे जोडप्याला कधी कळत नाही आणि ते विचारतही नाहीत.

या वहीची किंमत ज्याने देशाला दाखवून दिली, त्या शास्त्रज्ञाची गोष्ट म्हणूनच सांगायला हवी. डॉ. टी. सी. आनंद कुमार यांचे आयुष्य प्रजननविज्ञानाच्या संशोधनात गेले. माकडिणींच्या नाकात प्रोजेस्टेरॉनचा फवारा मारून बीजोत्सर्ग रोखता येतो, हे दाखवणारा त्यांचा आणि सहकाऱ्यांचा निबंध 1977 मध्ये ‘नेचर’मध्ये आला होता. पुढे ते मुंबईत परळच्या प्रजनन संशोधन संस्थेचे संचालक झाले. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची ही संस्था आज नाव बदलून तिथेच उभी आहे. शेजारी महापालिकेचे केईएम रुग्णालय. तिथल्या डॉ. इंदिरा हिंदुजा रुग्ण पाहत आणि शिकवत. एकीकडे प्रयोगशाळा, दुसरीकडे वॉर्ड, दोन्ही सरकारी पैशावर चालणारे. या जोडकामातून 6 ऑगस्ट 1986 रोजी केईएममध्ये हर्षाचा जन्म झाला. भारताची पहिली टेस्ट ट्यूब बेबी म्हणून ती वर्तमानपत्रांच्या पहिल्या पानावर आली. हिंदुजा यांनी याच विषयावर मुंबई विद्यापीठाची पीएच.डी. मिळवली. आनंद कुमार यांचे नावही इतिहासात नोंदले गेले. एखाद्या संशोधकाला याहून मोठे काय हवे असते?

पण कोलकात्यात एक जुने प्रकरण होते. डॉ. सुभाष मुखोपाध्याय तिथे वैद्यकीय महाविद्यालयात शरीरक्रियाशास्त्र शिकवत. दोन डॉक्टरेट, त्यातली एक एडिंबरोची. आपल्या उपचारातून 3 ऑक्टोबर 1978 रोजी एक मुलगी जन्मल्याचे त्यांनी सांगितले. तिला सारे ‘दुर्गा’ म्हणू लागले. इंग्लंडमध्ये जगातली पहिली टेस्ट ट्यूब बेबी लुईस ब्राऊन जन्मून तेव्हा जेमतेम सत्तर दिवस झाले होते. राज्य सरकारने चौकशी समिती नेमली. तिचे अध्यक्ष रेडिओफिजिक्सचे प्राध्यापक होते आणि सदस्यांत या विषयात प्रत्यक्ष काम केलेले कोणी नव्हते. समितीने दावा खोटा ठरवला. जपानला जाऊन काम मांडण्याची परवानगी नाकारली गेली. 1981 मध्ये त्यांची बदली नेत्रविज्ञानाच्या संस्थेत झाली. हॉर्मोन्सवर आयुष्य घालवलेल्या माणसाने डोळ्यांच्या संस्थेत काय करायचे, हे बदलीचा आदेश काढणाऱ्यालाच ठाऊक. त्याच वर्षी 19 जूनला त्यांनी आपले आयुष्य संपवले.

सोळा वर्षांनी, 1997 मध्ये, आनंद कुमार एका परिषदेसाठी कोलकात्याला गेले तेव्हा मुखोपाध्याय यांची हस्तलिखित टिपणे त्यांच्या हाती आली. ती त्यांनी बारकाईने वाचली. दुर्गाच्या आईवडिलांशी बोलले. आणि त्यांची खात्री पटली. त्या टिपणांत तीन गोष्टी होत्या. एक, औषधे देऊन एकाच वेळी अनेक स्त्रीबीजे तयार करणे. लुईस ब्राऊनच्या वेळी इंग्लंडमध्ये नैसर्गिक पाळीतले एकच बीज वापरले होते. दोन, पोटातून दुर्बीण न घालता योनीमार्गातून बीज काढणे. तीन, तयार झालेला भ्रूण 53 दिवस गोठवून ठेवणे आणि गर्भाशय औषधांच्या प्रभावातून बाहेर आले की पुढच्या पाळीत सोडणे. गोठवलेल्या भ्रूणापासून गर्भ राहिल्याचे ऑस्ट्रेलियातून जाहीर झाले ते 1983 मध्ये. आज जळगावात एखाद्या बाईला ‘या महिन्यात नको, भ्रूण फ्रीझ करू, पुढच्या पाळीत ठेवू’ असे सांगितले जाते, तेव्हा तिच्यावर होणारा उपचार कोलकात्यातल्या त्या बदनाम प्राध्यापकाच्या रस्त्यानेच जात असतो.

आनंद कुमार गप्प बसू शकले असते. विचारणारे कोणी नव्हते, मुखोपाध्याय हयात नव्हते आणि मान स्वतःच्याच पदरात होता. त्यांनी ‘करंट सायन्स’मध्ये लेख लिहून जाहीर केले की भारतातल्या पहिल्या टेस्ट ट्यूब बेबीचे शिल्पकार डॉ. सुभाष मुखोपाध्याय आहेत. म्हणजे हर्षा पहिली नव्हे. आपल्याकडे उद्‌घाटनाच्या कोनशिलेवर नाव खाली गेले तरी वर्षानुवर्षे अबोला धरला जातो. इथे एका माणसाने स्वतःचे नाव स्वतःच्या हाताने दुसऱ्या क्रमांकावर नेले. 2003 मध्ये दुर्गा स्वतः लोकांसमोर आली. आनंद कुमार 2010 मध्ये गेले.

हा न्याय झाला तो केवळ आनंद कुमार यांच्या मोठेपणामुळे नव्हे. टिपणे शिल्लक होती म्हणून. तारीख, औषधाची मात्रा, पेशींची संख्या, गोठवण्याचे दिवस, सारे हाताने लिहिलेले होते. मेलेल्या माणसाची बाजू कागदाने मांडली.

खानदेशातल्या जोडप्यांशी याचा संबंध सरळ आहे. इथे उपचार बहुतेक वेळा खासगी केंद्रातच मिळतो आणि त्यासाठी कोणी दागिने मोडतो, कोणी शेताचा तुकडा. एक प्रयत्न फसला की बाई नव्या डॉक्टरकडे जाते, आणि हातात असते ते सोनोग्राफीचे चार फोटो आणि औषधांची बिले. किती बीजे निघाली, किती फळली, भ्रूण कोणत्या दिवशी कसे दिसत होते, किती गोठवले, यातले काहीच नसते. नव्या डॉक्टरला पहिल्यापासून सुरुवात करावी लागते. खर्चही पहिल्यापासून. कित्येकदा तर नवऱ्याची वीर्यतपासणीही झालेली नसते. जवळपास निम्म्या जोडप्यांत पुरुषाकडेही कारण असते, पण ‘वांझ’ हा शब्द मात्र अजून बाईपुरताच राखून ठेवलेला आहे.

सहाय्यक प्रजनन तंत्रज्ञानाचा कायदा 2021 मध्ये झाला. केंद्राची नोंदणी बंधनकारक आहे, भ्रूणतज्ज्ञाची पात्रता ठरलेली आहे, दोघांची लेखी संमती लागते आणि नोंदी किमान दहा वर्षे जपाव्या लागतात. जोडप्याने पहिल्या भेटीतच नोंदणी क्रमांक पाहावा. भ्रूणतज्ज्ञ कोण, तो इथेच असतो की ठरावीक दिवशी बाहेरगावाहून येतो, हे विचारावे. प्रयत्न यशस्वी होवो न होवो, प्रयोगशाळेच्या नोंदीची प्रत मागून घ्यावी. ती मागताना संकोच वाटण्याचे कारण नाही.

आणि शासकीय महाविद्यालयांचे काय? धुळ्या-जळगावच्या पहिल्या वर्षाच्या वर्गात आठ पेशींच्या भ्रूणाची आकृती काढून घेतली जाते, तेव्हा असाच आठ पेशींचा एक भ्रूण कोलकात्यात 53 दिवस गोठवून ठेवला होता, हे सांगायला पाच मिनिटे लागतात. त्यासाठी वेगळा निधी लागत नाही, मंजुरीही लागत नाही. वंध्यत्वाच्या बाह्यरुग्ण विभागाला मात्र लागते. नवरा-बायकोची एकत्र तपासणी, वीर्यतपासणी, नळ्यांची तपासणी आणि प्रामाणिक सल्ला इतके जरी जिल्हा पातळीवर नीट मिळाले, तर अनेकांना महागड्या केंद्राची पायरी चढावीच लागणार नाही. ज्या उपचाराची नोंद हर्षाच्या रूपाने देशाने पहिल्यांदा पाहिली, तो महापालिकेच्या रुग्णालयात झाला होता.