हवा तेलाच्या वर असावी, तेलात नसावी

मोटारसायकल ही आज चैनीची वस्तू राहिलेली नाही. पुढे कर्ता पुरुष, मागे गृहिणी, दोहोंच्या मध्ये शाळेचे दप्तर सांभाळणारे मूल, असा अर्धा संसार तिच्यावरून रोज ये-जा करतो. गोव्यात तर पिवळ्या मडगार्डची गाडी घेऊन उतारूंची ने-आण करणारे ‘पायलट’ तिच्यावरच आपला चरितार्थ चालवितात. अशा गाडीचे इंजिन बिघडले म्हणजे गाडी थांबते व धन्यास गॅरेज गाठावेच लागते. पुढचा फोर्क, म्हणजे ज्यास आपण पुढचे शॉकअप म्हणतो, तो बिघडला तर मात्र गाडी थांबत नाही. ती चालतच राहते, व चालविणाऱ्याच्या हातास त्या दोषाची हळूहळू सवय होऊन जाते. एखाद्या दिवशी उतारावर अचानक ब्रेक दाबावा लागला म्हणजे मग त्या सवयीची किंमत कळते. म्हणून आज फोर्कमधील हवेविषयी चार गोष्टी सांगावयाच्या आहेत.

फोर्कचे काम काय?

फोर्कच्या प्रत्येक पायात दोन नळ्या एकमेकींत सरकतात. चकचकीत असते ती फोर्क पाइप, व चाकाकडील जाड असते तो बॉटम. आत एक लांब स्प्रिंग व काही तेल असते. खड्डा आला की स्प्रिंग दबते, हे सर्वांस ठाऊक आहे. परंतु दबलेली स्प्रिंग तितक्याच जोराने उसळी घेते, आणि एकदा उसळली की पुनः दबते. तिला एकटी सोडली तर चाक रस्त्यावर चेंडूसारखे उड्या मारू लागेल. ह्या उड्या आवरण्याचे काम तेल करते. बारीक छिद्रांतून जाताना तेलास अडथळा होतो, आणि धक्क्याची शक्ती उष्णतेच्या रूपाने जिरून जाते. स्प्रिंग धक्का झेलते व तेल तो शांत करते, असे थोडक्यात म्हणता येईल.

ही योजना फार जुनी नाही. १९३५ साली जर्मनीतील बीएमडब्ल्यू कारखान्याने आपल्या आर १२ ह्या गाडीस दुर्बिणीच्या नळ्यांप्रमाणे एकमेकींत सरकणारा व तेलाने आवरला जाणारा फोर्क बसविला. १९४१ साली इंग्लंडच्या मॅचलेस कंपनीने सैन्यासाठी बनविलेल्या गाडीस तसाच फोर्क दिला. पुढे ही पद्धत जगभर रूढ झाली, आणि आजही आपल्या रस्त्यांवरील बहुतेक साध्या गाड्यांच्या फोर्कमध्ये मूळ कल्पना तीच आहे.

साध्या फोर्कमध्ये बॉटमच्या तळाशी बोल्टने घट्ट बसविलेली एक पोकळ दांडी असते. तीच डँपर रॉड. तिच्या अंगावर ठरावीक मापाची छिद्रे असतात व वरच्या टोकास एक कडी असून ती फोर्क पाइपच्या आतल्या अंगास चिकटून राहते. फोर्क दबतो तेव्हा तेल खालच्या छिद्रांतून जाते. फोर्क उघडतो तेव्हा दांडी व पाइप यांच्यामधील वलयाकार जागेत कोंडलेले तेल बारीक छिद्रांतून बाहेर पडते. उसळी आवरली जाते ती येथे. महाग गाड्यांत याऐवजी कार्ट्रिज असते, म्हणजे वेगळी बंद नळी आणि तिच्यात वरखाली होणारा बारीक दांडा. तेथे छिद्रांऐवजी पातळ पत्र्यांच्या झडपा असतात. दोहोंचे तत्त्व एकच आहे.

हवेचे दोन प्रकार

फोर्कमध्ये हवा असूच नये, अशी पुष्कळांची समजूत असते. ती बरोबर नाही. तेलाच्या पृष्ठभागावर, पाइपच्या वरच्या भागात, हवेची मोकळी जागा मुद्दाम ठेवलेली असते. फोर्क दबू लागला की ही कोंडलेली हवाही दबते व शेवटच्या टप्प्यात दुसऱ्या स्प्रिंगसारखा आधार देते. ही हवा आपली मित्र होय.

शत्रू आहे ती तेलात मिसळलेली किंवा डँपर रॉडच्या भोवती अडकलेली हवा. तेल दाबले असता जवळजवळ दबत नाही. हवा मात्र सहज दबते. ज्या जागी तेल कोंडून अडथळा व्हावयाचा, त्या जागी हवेचा बुडबुडा असेल तर दांडी काही अंतर नुसतीच सरकते. तेवढ्या अंतरात चाक मोकाट असते. ब्रेकच्या नळीत हवा शिरली म्हणजे लिव्हर पोकळ लागते, हे अनेकांनी अनुभवले असेल. येथील प्रकार त्याच जातीचा आहे.

ही हवा शिरते कशी? ऑईल सील गळून तेल कमी झाले व दांडीची छिद्रे उघडी पडली म्हणजे. तेल जुने होऊन फेसाळू लागले म्हणजे. तेल बदलताना घाई केली म्हणजे. आणि भरलेला पाय जमिनीवर आडवा ठेवला म्हणजेही. ह्या शेवटच्या कारणाकडे फार थोड्यांचे लक्ष जाते.

दोष ओळखावा कसा?

गाडी सपाट जागी उभी करून पुढचा ब्रेक धरावा, हँडलावर भार देऊन फोर्क दाबावा व सोडावा. निरोगी फोर्क एकदा वर येऊन स्थिर होतो. तो दोनतीन वेळा वरखाली झुलला तर उसळी आवरणारे कोणी उरले नाही असे समजावे. तेल कमी, जुने अथवा फार पातळ असेल किंवा आत हवा असेल.

दाबताना पहिले बोटभर अंतर पोकळ जाऊन मग अडथळा लागत असेल, आणि आतून गुळगुळ असा आवाज येत असेल, तर हवेचा संशय बळावतो. फोर्क पूर्ण उघडताना ठक्क असा आवाज येणे हेही ह्याच जातीचे लक्षण आहे. परंतु येथे घाईने निर्णय करू नये. इंजिनखाली टेकू देऊन पुढचे चाक उचलावे, बॉटमची दोन्ही टोके हातांत धरून पुढेमागे हलवावीत. खटखट जाणवली तर बहुधा हँडलचा कोनसेट ढिला आहे किंवा फोर्कच्या आतील बुश झिजले आहेत. हवा काढून तो दोष जाणार नाही.

फोर्क दबून अडकत असेल, सावकाश वर येत असेल, तर पाइप वाकलेला असण्याचा किंवा चाकाची एक्सल तिरकी कसली गेल्याचा संभव आहे. चकचकीत पाइपवर तेलाचे वर्तुळ दिसले तर सील गळते आहे. तेव्हा प्रथम धूळरोधक रबर सरकवून सीलची कड साफ करावी. तांबड्या मातीचा एखादा कणही कडेखाली अडकून गळती सुरू करतो, व साध्या प्लास्टिक फिल्मच्या पातळ पट्टीने तो काढता येतो. एवढ्याने गळती न थांबल्यास सील बदलावेच. वरून तेल ओतीत राहणे हा उपाय नव्हे. गळलेले तेल ब्रेकपर्यंत पोचले तर अनर्थ ओढवतो.

हवा काढण्याची रीत

प्रथम गाडीच्या पुस्तकातून तीन गोष्टी टिपून घ्याव्यात: तेलाची जात, प्रत्येक पायातील तेलाचे प्रमाण व पाइपच्या वरच्या काठापासून तेलाची पातळी. डब्यावरील ‘१० डब्ल्यू’ एवढ्या अक्षरांवर विसंबू नये; एका कंपनीचे तेल त्याच नावाच्या दुसऱ्या कंपनीच्या तेलाहून जाड वा पातळ असू शकते.

पाइपचे वरचे बूच स्प्रिंगच्या ताणाखाली असते. पुढचे चाक टेकूवर उचललेले असावे. पाइप आवळणारा वरचा बोल्ट आधी सैल करावा, पाइप खालच्या पकडीत घट्ट असतानाच बूच थोडे ढिले करावे, व शेवटचे आटे सोडविताना चेहरा बाजूस ठेवून तळहाताने बूच दाबून धरावे. डोळ्यांस चष्मा असावा. स्प्रिंग काढल्यावर पाय उलटा करून, पाइप वरखाली करून, जुने तेल शेवटच्या थेंबापर्यंत गाळावे. ते राखी रंगाचे निघाले तर आत धातूची झीज मिसळली आहे असे समजावे. हे तेल गटारात वा विहिरीजवळ ओतू नये. डब्यात भरून जुने तेल घेणाऱ्याकडे द्यावे.

आता पाय उभा धरून ठरल्यापैकी बहुतेक तेल भरावे, आणि पाइप सावकाश वर ओढून सावकाश खाली दाबावा. पूर्ण ओढावा, पूर्ण दाबावा. घाई केल्यास तेल घुसळले जाऊन फेस होतो, आणि जी हवा काढावयाची तीच आत कालविली जाते. पहिल्या काही खेपांस दाब मधेच तुटल्यासारखा वाटेल व बुडबुडे वर येतील. दहाबारा खेपांनंतर दोन्ही दिशांस आरंभापासून शेवटपर्यंत एकसारखा अडथळा लागू लागला म्हणजे काम साधले. न लागल्यास आणखी खेपा कराव्यात.

कार्ट्रिजचा फोर्क असेल तर पाइपप्रमाणेच आतील बारीक दांडाही असाच सावकाश चालवावा लागतो. दांडा आत बुडून जाऊ नये म्हणून त्याच्या आट्यांवर एखादे हत्यार अथवा नट धरून ठेवावा. तेल कार्ट्रिजच्या तोंडाच्या वर सतत राहिले पाहिजे. ते खाली गेले की दांडा पुनः हवा ओढतो व केलेले श्रम फुकट जातात.

ह्यानंतर पाय उभाच ठेवून निदान दहा मिनिटे हात लावू नये. बारीक बुडबुडे आपोआप वर येतात. पुष्कळ ठिकाणी हीच दहा मिनिटे वाचविली जातात. साध्या फोर्कमधील थोडी हवा गाडी चालता चालता निघूनही जाते. मग एवढा आग्रह का, असे कोणी विचारील. कारण असे की तेलात हवा असताना घेतलेले माप खोटे असते. हवा निघून गेल्यावर पातळी उतरते, आणि ती दोन्ही पायांत सारखी उतरेलच असे नाही.

पातळीचे महत्त्व

बहुतेक गाड्यांत माप घेताना स्प्रिंग बाहेर व फोर्क पूर्ण दाबलेला असावा लागतो. आपल्या गाडीच्या पुस्तकात काय म्हटले आहे ते पाहावे. तेल किंचित अधिक भरून, पिचकारीस बांधलेली बारीक नळी ठरल्या खोलीपर्यंत सोडून वरचे तेल ओढून घ्यावे. दोन्ही पायांत एक-दोन मिलिमीटरपेक्षा अधिक फरक ठेवू नये.

थोडे तेल जास्त घातले तर काय बिघडले, असे वाटणे साहजिक आहे. १६६२ साली रॉबर्ट बॉईल ह्या शास्त्रज्ञाने प्रसिद्ध केलेला नियम असा की, तापमान कायम असता कोंडलेल्या हवेची जागा जितकी कमी होईल तितका तिचा दाब वाढतो. समजा, फोर्क १२० मिलिमीटर दबतो व पूर्ण दबल्यावर हवेस १४० मिलिमीटर उंचीची जागा उरते. ढोबळ हिशेबाने २६० ची जागा १४० झाली, म्हणजे दाब सुमारे १.८६ पट झाला. आता तेल ४० मिलिमीटर जास्त भरले तर २२० ची जागा १०० होते, व दाब २.२ पट होतो. फोर्क शेवटी दगडासारखा कडक होतो आणि ऑईल सीलवर नाहक ताण येतो. उलट तेल कमी असेल तर ब्रेक दाबताच फोर्क तळास जाऊन आदळतो.

चाक बसविताना एक्सल घालून, खालचे पकडबोल्ट कसण्यापूर्वी, गाडी खाली घेऊन फोर्क चारपाच वेळा दाबावा. दोन्ही पाय आपली जागा घेतात. मग बोल्ट कसावेत. डिस्क ब्रेक असल्यास लिव्हर कडक लागेपर्यंत दाबून पाहिल्याशिवाय गाडी रस्त्यावर नेऊ नये.

हे सर्व प्रत्येकाने घरी करावे असा आग्रह नाही. हत्यारे नसतील, सराव नसेल, तर चांगल्या मेकॅनिककडेच जावे. परंतु त्यास दोन प्रश्न अवश्य विचारावेत: “तेल मापून भरले, की पातळी पाहून?” आणि “हवा निघण्यास किती वेळ दिला?” जाणता कारागीर ह्या प्रश्नांनी रागावणार नाही.

ब्रेक दाबला असता गाडीचा भार पुढच्या चाकावर येतो, व ते चाक रस्त्यास धरून राहिले तरच गाडी थांबते. उड्या मारणारे चाक अर्धा वेळ हवेत असते, आणि हवेतील चाकास कोणताही ब्रेक थांबवून उपयोग नाही. चोर्ल्याच्या घाटाने बेळगावहून गोव्यास उतरणाऱ्यास हे विशेष सांगावयास नको. तेव्हा ह्या आठवड्यात फुरसतीने एकदा पुढचा ब्रेक धरून फोर्क दाबून पाहा. तो एकदा वर येऊन थांबला तर ठीक आहे. झुलत राहिला, तर पाठीमागे कोणास बसविण्यापूर्वी त्याची व्यवस्था करा.