‘पुट’चा गोतावळा

आमच्या मराठी शाळेत इंग्रजीच्या तासाला वाक्प्रचारांचा भलताच थाट असे. ‘रेनिंग कॅट्स अँड डॉग्ज’ आलं नाही तर मार्क गेलेच म्हणून समजा. प्रत्यक्षात पावसाकडे बघून असं म्हणणारा इंग्रज आता विरळाच. तो आपला ‘पोअरिंग डाऊन’ म्हणून छत्री उघडतो. शोभेचे वाक्प्रचार आम्ही घोकले आणि रोज लागणारी क्रियापदं तेवढी राहून गेली.

‘पुट’च घ्या. तर्खडकरी अर्थ ‘ठेवणे’. पण मागे ‘ऑफ’ लागला की काम लांबणीवर पडतं, ‘आऊट’ लागला की आग विझते, ‘डाऊन’ने समोरच्याचा पाणउतारा होतो आणि ‘अप विथ’ म्हणजे निमूटपणे सोसणं. यात ठेवलं कुणी काय? म्हणूनच पुस्तकावर इंग्रजी शिकलेला आपला माणूस ‘पोस्टपोन’, ‘एक्स्टिंग्विश’, ‘टॉलरेट’ अशा लॅटिन घराण्यातल्या भारदस्त शब्दांचा आसरा घेतो. चुकत काहीच नाही, पण चहाच्या गप्पांत सरकारी परिपत्रक वाचल्यासारखं वाटतं.

बरं, अर्थ कळला म्हणून सुटका नाही. ‘टर्न ऑफ द फॅन’ चालतं, ‘टर्न द फॅन ऑफ’ही चालतं. पंख्याच्या जागी ‘इट’ आलं, की त्याला मधेच बसवावं लागतं: ‘टर्न इट ऑफ’. ‘लुक आफ्टर’ची जोडी मात्र अशी फुटत नाही. नियम आहे, पण बोलायच्या ओघात नियम आठवत बसायला सवड कुणाला? ते कानातच मुरावं लागतं.

आपण तरी कुठे साधे आहोत? ‘बोलून गेला’ म्हणजे कुणी कुठे गेलेलं नसतं, ‘करून बसला’ म्हणजे कुणी बसलेलं नसतं. हे माझ्या तमिळ शेजाऱ्यांना समजावताना माझी त्रेधा उडते.

माझी भाची हिंजवडीत नोकरीला आहे. तिचं दुखणं निराळं. ‘स्टिकी विकेट’ आपल्याला फारसं समजवावं लागत नाही: पाऊस पडून गेल्यावर उन्हात वाळू लागलेली उघडी खेळपट्टी, म्हणजे फलंदाजाची पंचाईत. पण अमेरिकन क्लायंट ‘बॉलपार्क फिगर’ मागतो तेव्हा खेळच बदललेला असतो. बॉलपार्क हे बेसबॉलचं मैदान आणि मागणी असते ढोबळ आकड्याची. ‘टच बेस’, ‘कर्व्हबॉल’ही तिथलेच.

त्याहून वाईट म्हणजे ‘टेबल इट’. इंग्रजाने म्हटलं तर विषय चर्चेला घ्यायचा, अमेरिकनाने म्हटलं तर बाजूला ठेवायचा! दुसऱ्या महायुद्धात यावरून दोन्हीकडच्या अधिकाऱ्यांची चांगलीच जुंपली होती, असं चर्चिलने आपल्या युद्धाच्या इतिहासात लिहून ठेवलंय. गंमत म्हणजे दोघांनाही हवं होतं ते एकच. भाचीच्या कॉलवर एक साहेब लंडनचे, दुसरे शिकागोचे. त्यांच्यापैकी कुणीही ‘टेबल’ म्हटलं, की ती सरळ विचारते, “म्हणजे आत्ता, की पुढच्या आठवड्यात?”