लस हवी, पण पारखून

देशाच्या ईशान्य भागातील वराहपालकांस लस हवी आहे, आणि ती सत्वर हवी आहे, हे आम्हांस पूर्णपणे मान्य आहे. १९२१ साली केनियात प्रथम वर्णिला गेलेला आफ्रिकी वराहज्वर २०२० साली आसाम व अरुणाचलात शिरला, आणि ज्या घरांची दोन-चार डुकरे हीच काय ती पुंजी, ती घरे नागवली गेली. माणसास या विषाणूचा उपसर्ग नाही. डुकरे मात्र बहुधा थोड्याच दिवसांत दगावतात. औषध नाही.

तथापि, १९६० नंतर पोर्तुगाल व स्पेन यांनी अशाच निकडीने दुर्बळ केलेल्या जिवंत विषाणूची लस डुकरांना टोचली होती. पुष्कळ जनावरे त्या लशीनेच रोगी झाली, आणि वाचलेल्यांपैकी कित्येक रोगवाहक बनली! मारलेल्या विषाणूची लस संरक्षण देत नाही, म्हणून संशोधकांस आजही जिवंत विषाणूतील जनुके वगळण्याचाच मार्ग धरावा लागतो. अमेरिकी शास्त्रज्ञांनी सिद्ध केलेल्या अशा वाणाची लस व्हिएतनामने २०२२ साली वापरात आणली; पण काही डुकरे मरताच त्याच वर्षी ती थांबवावी लागली, आणि देशभर वापरण्याची अनुज्ञा २०२३ साली मिळाली.

आपल्याकडील जातींवर, विशेषतः गाभण माद्यांवर, पुरती चाचणी झाल्यावाचून अशा लशीस दार उघडू नये, असे आमचे स्पष्ट मत आहे. तोवर, रोग रोखण्यासाठी सरकारने मारविलेल्या डुकरांची भरपाई पालकाच्या हाती तत्काळ पडली पाहिजे. ती लांबली की तो रोग लपवितो, आणि रोगट मांस रातोरात बाजारात जाते.