कोलारकाठची नोंद आम्हाला लिहू द्या

प्रति,
मा. अध्यक्ष आणि मा. सदस्य सचिव,
महाराष्ट्र राज्य जैवविविधता मंडळ, नागपूर

महोदय,


मी सावनेरला बी.एस्सी. करते. वनस्पतिशास्त्र आणि प्राणिशास्त्र हे माझे विषय. ‘परिसंस्था’ हे प्रकरण बारावीत झालं, आता पुन्हा आलं. दोन्ही वेळा फळ्यावर तेच उतरलं: गवत, नाकतोडा, बेडूक, साप, घार. पेपरात या साखळीला गुण मिळतात. पण कोलार नदीच्या पुलावर उभं करून कोणी ‘इथली अन्नसाखळी सांग’ म्हटलं, तर आमच्यातले बरेच जण एकमेकांच्या तोंडाकडे पाहतील. निसर्ग पाहायचा तर पेंचला जायचं, वाघ दिसला तर सहल वसूल, अशीच आमची समजूत. सावनेरातही परिसंस्था असते, हे कोणी शिकवत नाही आणि परीक्षेत विचारतही नाही.

हे पत्र विद्यापीठाला न लिहिता तुम्हाला लिहिण्याचं कारण तुमच्याच कायद्यात आहे. जैविक विविधता अधिनियम, 2002 च्या कलम 41 प्रमाणे प्रत्येक स्थानिक संस्थेत जैवविविधता व्यवस्थापन समिती असायला हवी. 2004 च्या नियमांनी या समितीचं मुख्य काम ठरवून दिलं: गावातल्या लोकांशी बोलून लोक जैवविविधता नोंदवही तयार करायची. पुढे राष्ट्रीय हरित लवादाने 31 जानेवारी 2020 ही मुदत घातली आणि त्यानंतर दिरंगाई करणाऱ्या राज्यांना दरमहा 10 लाख रुपये भरावे लागतील, असं बजावलं. मग देशभर नोंदवह्यांची एकच धांदल उडाली. दंडाच्या धाकाने नोंदवही भरता येते, तिच्यात दरवर्षी भर घालायला मात्र माणसं लागतात. अशी माणसं प्रत्येक तालुक्यात जीवशास्त्राच्या वर्गात बसलेली आहेत. आमच्या भागाच्या नोंदवहीत दरवर्षी भर घालण्याचं काम आम्हा विद्यार्थ्यांना द्या, एवढंच माझं मागणं आहे.

आम्हाला हे जमेल का, ही शंका रास्त आहे. त्यासाठी आमच्या वावरातली एक पऱ्हाटी, म्हणजे कपाशीचं झाड, दाखवते. पान उलटलं की खाली माव्याची दाट वसाहत दिसते. मावा पानाचा रस शोषतो आणि गोड चिकटा सोडतो. त्या चिकट्यासाठी मुंग्या येतात आणि माव्याची राखण करतात. माव्यावर ताव मारायला ढालकिडा येतो. शेजारच्या पानावर केसाएवढ्या बारीक देठावर एकेक अंडं उभं असतं, ते क्रायसोपा नावाच्या किड्याचं. अंड्यातून निघालेली अळीही मावा खाते आणि भूक लागली तर शेजारच्या भावंडालाही सोडत नाही. म्हणून प्रत्येक अंड्याला वेगळा देठ. फांदीच्या बेचक्यात कोळी टपून असतो. मावा शेकड्याने, ढालकिडे बोटावर मोजण्याइतके. पुस्तकातला ऊर्जेचा मनोरा कमरेएवढ्या झाडावर उभा असतो.

याच झाडावर उत्क्रांतीही शिकता येते. बोंडअळीला मारणारा बीटी कापूस 2002 मध्ये आला, दुहेरी जनुकाचं वाण 2006 मध्ये. वावराच्या कडेने साधी कपाशी लावायची, म्हणजे अळीत प्रतिकारशक्ती लवकर येणार नाही, असा नियम होता. त्यासाठी पाकिटासोबत वेगळं बियाणं मिळायचं. ते फारसं कोणी पेरलं नाही. गुलाबी बोंडअळी बीटीला सरावली आणि 2017 च्या हंगामात तिने विदर्भातली बोंडं पोखरली. नैसर्गिक निवडीसाठी आम्हाला इंग्लंडमधल्या पतंगांचं उदाहरण शिकवतात. ते चांगलंच आहे, पण आमच्या घरचा हिशेब ज्या अळीने बिघडवला तिचं उदाहरण जास्त लक्षात राहील.

शास्त्रही असंच साध्या जागी घडलं आहे. एका पायरीवरून पुढच्या पायरीवर साधारण दहा टक्केच ऊर्जा जाते, या नियमाशी रेमंड लिंडमन या संशोधकाचं नाव जोडलेलं आहे. अमेरिकेत मिनेसोटामधल्या गाळाने भरत चाललेल्या एका लहान तळ्यात तो काही वर्षं वनस्पती, किडे, मासे मोजत राहिला. 1942 मध्ये, वयाची 27 वर्षंही पूर्ण होण्याआधी तो गेला, त्याचा निबंध त्यानंतर छापून आला. त्या तळ्यात वाघ नव्हता.

आमच्याकडे नोंदण्यासारखं पुष्कळ आहे. तालुक्यात कोळशाच्या भूमिगत खाणी आहेत. तो कोळसा म्हणजे पंचवीस कोटींहून अधिक वर्षांपूर्वीच्या गोंडवनातल्या दलदलीच्या जंगलांनी साठवलेली ऊर्जा. वर काळ्या मातीत कापूस, तूर, संत्री. धुऱ्यावर हिवर, बोर, पळस. उघड्या रेताडावर टिटवी अंडी घालते. आणि निंदणाला येणाऱ्या बाया केना, घोळ, चिवळ, तरोटा अशा रानभाज्या नावानिशी ओळखतात. कोणती कधी कोवळी असते आणि कोणतीला गुरं तोंड लावत नाहीत, तेही सांगतात. आता निंदणाची जागा तणनाशक घेतंय. ते फवारलं की भाजीही जाते आणि त्या बायांचं वावरात येणंही थांबतं. हे ज्ञान टिपायला एक पिढीसुद्धा उशीर परवडणार नाही.

नोंदीचं मोल संकटात कळतं. 2022 च्या जुलैत कोराडी औष्णिक विद्युत केंद्राचा खसाळा इथला राखेचा बंधारा फुटला. राखेचं पाणी कोलार आणि कन्हान नद्यांत उतरलं. कन्हान वैनगंगेला मिळते आणि ते पाणी पुढे गोदावरीच्या खोऱ्यात जातं. अशा वेळी नुकसान किती झालं हे ठरवायला आधी नदीत काय होतं, हे लिहून ठेवलेलं असावं लागतं. कुठले मासे, कुठले शिंपले, काठावर कुठले पक्षी, कोणत्या महिन्यात. आधीचं पान कोरं असेल तर नंतरची मोजणी कशाशी ताडणार?

म्हणून माझ्या त्या एका मागण्यासाठी तीन गोष्टी व्हायला हव्यात. एक, समितीच्या कामात स्थानिक महाविद्यालयाच्या जीवशास्त्र विभागाला साहाय्यक म्हणून रीतसर जोडा. दोन, नव्या शैक्षणिक धोरणात क्षेत्रीय प्रकल्पाला श्रेयांक आहेत; नोंदवहीचं काम हाच प्रकल्प धरावा, असं विद्यापीठाला कळवा. आज प्रकल्प म्हणजे नेटवरून उतरवलेलं ॲमेझॉनचं जंगल आणि वर रंगीत मुखपृष्ठ. तीन, ठरावीक जागा द्या: नदीचा एक टप्पा, एक धुरा, खाणीलगतची एक पडीक जमीन. प्रत्येक तुकडीने पावसाळा, हिवाळा, उन्हाळा तिथेच नोंद करायची आणि वही पुढच्या तुकडीच्या हाती द्यायची.

आमच्या हातून चुका होतील. त्यावर उपाय म्हणजे प्रत्येक नोंदीसोबत फोटो, जागा आणि तारीख, आणि प्राध्यापकांची तपासणी. शंका राहिली तर नोंद शंकेसहच लिहायची. वैदूंचं औषधी ज्ञान मात्र त्यांच्या संमतीशिवाय लिहायचं नाही आणि मोबाइलवरून फिरवायचं तर मुळीच नाही, ही शिस्त तुम्ही आधी शिकवा. त्यासाठी तुमच्या तज्ज्ञांचं एक दिवसाचं शिबिर पुरे. तुमचं कार्यालय सावनेरहून तासाभराच्या वाटेवर आहे.

उत्तरात फार काही नको. आमच्या भागाची नोंदवही कुठे वाचायला मिळेल आणि तिच्यात भर घालायची तर नोंद कोणाकडे द्यायची, एवढं कळवा. पहिल्या पानाचं काम आम्ही येत्या पावसाळ्यात सुरू करतो.

आपली,
बी.एस्सी.ची एक विद्यार्थिनी
सावनेर, जि. नागपूर