‘गणित कच्चं आहे’ म्हणे!

“गणित कच्चं आहे तुझं, फिजिक्स घेऊ नको.” संग्रामपूर तालुक्यातल्या आमच्या वरवट बकालसारख्या गावातून बीएस्सीला जाणाऱ्या पोरापोरींना हे वाक्य प्रवेशाच्या टेबलावरच ऐकायला मिळतं. मलाही मिळालं. सांगणाऱ्याचा हेतू वाईट नसतो, पण वाक्य खोटं असतं. कच्चा आहे तो शिकवण्याचा क्रम, आणि त्याचं खापर फुटतं पोरांच्या डोक्यावर.

क्रम कसा? माझ्या कॉलेजात पहिल्याच वर्षी फिजिक्सच्या तासाला दोलनं आली. सरांनी फळ्यावर सेकंड ऑर्डर डिफरन्शियल इक्वेशन लिहिलं आणि त्याखाली थेट उत्तर. मधलं काय? “ते तुम्हाला गणितात येईल.” गणितात ते आलं पुढच्या वर्षी, आणि तिथे ना स्प्रिंग ना लंबक, नुसती रीत, घोका आणि मार्क घ्या. दोन खोल्या, मध्ये भिंत. त्या भिंतीला दार पाडायचं काम अठरा वर्षांच्या पोराचं, तेही इंग्रजीत. दहावीपर्यंत मराठीत शिकलेल्याची भाषा अकरावी सायन्सला एका उन्हाळ्यात बदलते, हे तर कुणी हिशेबातच धरत नाही.

आता तेच इक्वेशन आमच्या रस्त्यावर बघा. मोटरसायकल खड्ड्यात आदळली की शॉकअप दबतो, वर येतो, गाडी शांत होते. शॉकअपचं ऑइल गळालं असेल तर मात्र ती कितीतरी वेळ डुलत राहते. इथे तीनच गोष्टींची ओढाताण आहे: गाडीचं वस्तुमान, स्प्रिंगचा ताठपणा आणि ऑइलचा अडथळा. वस्तुमान गुणिले त्वरण, अधिक अडथळा गुणिले वेग, अधिक ताठपणा गुणिले विस्थापन, बेरीज शून्य. झालं इक्वेशन! उत्तर ‘ई’च्या घातात असेल असं धरून त्यात भरलं की हातात उरतं दहावीचं वर्गसमीकरण. विवेचक ऋण आला तर गाडी डुलत डुलत थांबते. धन आला तर न डुलता सावकाश बसते. शून्य आला तर न डुलता सगळ्यात लवकर जागेवर येते. दहावीत ‘मुळे वास्तव संख्या नाहीत’ असं लिहून आपण मार्क घेतले आणि पान उलटलं. गाडीचं डुलणं राहतं ते त्याच मुळांत.

आणखी गंमत म्हणजे वस्तुमानाच्या जागी इंडक्टन्स, अडथळ्याच्या जागी रेझिस्टन्स आणि ताठपणाच्या जागी एक भागिले कपॅसिटन्स ठेवा, की रेडिओचं ट्यूनिंग सर्किट तयार. नवं गणित शून्य. दोन तासांचं काम आहे हे, आणि ते फिजिक्सच्याच वर्गात व्हायला हवं.

यावर गणितवाले म्हणतात, आधी पाया पक्का करा. पण पाया आधी घातला गेला, असं इतिहासातही दिसत नाही. धातूतून उष्णता कशी वाहते हे सोडवताना फूरिएनं 1807 मध्ये साइन-कोसाइनच्या बेरजा वापरल्या. लाग्रांजसारख्या दिग्गजानं आक्षेप घेतला. फूरिएचं पुस्तक आलं 1822 मध्ये, आणि या बेरजा कधी चालतात याची नीट सिद्धता डिरिश्लेनं दिली 1829 मध्ये. सिद्धता हवीच, तिच्यावाचून माणूस कधीतरी फसतो. पण गरज आधी आली होती. ऑलिव्हर हेविसाइड तर सोळाव्या वर्षी शाळा सोडून तारखात्यात चिकटलेला माणूस. मॅक्सवेलच्या समीकरणांचं भेंडोळं त्यानं 1880 च्या दशकात व्हेक्टरच्या भाषेत चारांवर आणलं. आपल्या प्रवेशाच्या टेबलानं त्याला बीए करायला लावलं असतं.

आणि हे गणित फिजिक्सबाहेरचं म्हणावं, तर एमएस्सीच्या प्रवेशासाठी आपली पोरं जी जॅम देतात, तिच्या फिजिक्सच्या अभ्यासक्रमातला पहिलाच विभाग ‘मॅथमॅटिकल मेथड्स’ आहे. जे वर्गात ‘तिकडे शिका’ म्हणून टाळलं, त्यावरच पुढे गाळणी लागते. ज्याच्या घरी पैसा आहे तो क्लास लावतो. बाकीचे गावी परततात, आपलं डोकंच चालत नाही असं समजून.

फोनवर सगळं आहे, हा युक्तिवाद मला अर्धाच पटतो. फाइनमनची व्याख्यानं फुकट वाचता येतात, आयआयटी मद्रासच्या व्ही. बालकृष्णन सरांचे तासही आहेत. पण दीडपट वेगानं व्हिडिओ पाहून इंटिग्रेशन येत नाही, जसं कुस्ती पाहून दंड भरत नाहीत. व्हिडिओ थांबवा, पुढची ओळ आधी वहीत लिहा, मग चालू करा. चुकलं तर तिथेच रेंगाळा.

प्राध्यापकांकडे मागणं एकच: पहिल्या सेमिस्टरचे पहिले दहा तास याच गणिताला द्या, फिजिक्सच्या फळ्यावर, मराठीत बोलत. सिलॅबस मागे पडेल? पडू द्या, पुढे तो दुप्पट वेगानं भरून निघतो.

तोवर कुणाला स्वतःच सुरू करायचं असेल तर मेरी बोआस यांचं ‘मॅथमॅटिकल मेथड्स इन द फिजिकल सायन्सेस’ लायब्ररीत शोधा. 1966 मध्ये पहिल्यांदा आलेलं, विद्यार्थ्याशी बोलत लिहिलेलं पुस्तक आहे. पहिलं प्रकरण सिरीजवर आहे, ते जड गेलं तर दुसऱ्यापासून धरा. दुसरं आहे कॉम्प्लेक्स नंबरवर. दहावीत सोडून दिलेली ती मुळं तिथे भेटतील.